खोली क्रमांक सहाखालची तळ्याची माती

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
शालेय इमारती विभाग,
बांधकाम कार्यालय, दुसरा मजला.

दिनांक : १७, सोमवार, सकाळी पावणेदहा.

विषय : प्राथमिक शाळेची पूर्वेकडील खोली क्रमांक सहा तात्काळ बंद करणेबाबत, तसेच अर्जदारास एका दिवसाकरिता पुन्हा नोकरीत घेऊन त्याच दिवशी निलंबित करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे ‘तक्रारीत तथ्य आढळून येत नाही’ असे पत्र.
३) माती तपासणी अहवाल क्र. ४१२, अर्जदाराच्याच सहीचा.

महोदय,

१. अर्जदार हा आपल्याच खात्याच्या माती प्रयोगशाळेत एकतीस वर्षे सहायक होता व दोन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झाला. प्रयोगशाळेत त्यास सर्वजण चिखलकाका म्हणत. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे, आणि ती सर्वप्रथम अर्जदाराविरुद्धच आहे, हे सुरुवातीसच नमूद केलेले बरे.

२. सदर शाळा ज्या जागेवर उभी आहे तेथे फार पूर्वी तळे होते. कागदोपत्री तळ्याचा उल्लेख कोठेही नाही, परंतु मातीने कागदपत्रे वाचलेली नाहीत. वरची हातभर काळी माती काढली की खाली निळसर करडी चिकणमाती लागते. ती वाहत्या पाण्याने आणलेली नाही, स्थिर पाण्यात वर्षानुवर्षे सावकाश खाली बसलेली आहे. म्हणून तिचे थर वहीच्या पानांइतके पातळ आहेत, वाळूचा कण औषधालासुद्धा सापडत नाही, आणि मधूनमधून मुगाएवढे गोगलगाईंचे शंख निघतात. ओली असताना तळहातावर वळली तर सुतळीएवढी बारीक वळी होते व तुटत नाही. ढेकूळ फोडले तर आतले पृष्ठभाग पॉलिश केल्यासारखे चकाकतात. माती मातीवर घसरून ती चकाकी आलेली असते. अर्जदाराने आयुष्यभर असंख्य मात्या हाताळल्या, पण भीती वाटते ती हिचीच.

३. कारण ही माती दुतोंडी आहे. वाळली की विटेसारखी कडक होते, तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि कोणीही तिच्यावर भरवसा टाकतो. भिजली की फुगते, मऊ पडते, आणि वरचे ओझे सोडून देते. पाणी तिच्यात हळू शिरते व त्याहून हळू बाहेर पडते, त्यामुळे आज गळलेल्या नळाचा हिशेब ती चार महिन्यांनी चुकता करते. अर्जदाराने घरी मोजनळीत दहा भाग भुकटी भिजत घातली होती. दुसऱ्या दिवशी ती एकवीस भाग झाली. पत्नीने ती नळी स्वयंपाकघरातून उचलून अर्जदारासह अंगणात काढली, हा भाग वेगळा.

४. आता अर्जदाराचा गुन्हा. जमिनीतून काढलेला नमुना पोलादी नळीत असतो व नळीची दोन्ही तोंडे मेणाने बंद करतात, जेणेकरून मातीचा स्वतःचा ओलावा टिकावा. नमुना दाबयंत्रावर ठेवायच्या क्षणीच मेण फोडायचे, असा नियम आहे. परंतु कामाची घाई असली की सकाळीच सगळ्या नळ्यांचे मेण फोडून ठेवायची आमच्या प्रयोगशाळेत वाईट खोड होती. दहा वर्षांपूर्वी एका शनिवारी अर्जदाराने या शाळेच्या पूर्व कोपऱ्याच्या नळीचे मेण असेच आधी फोडले. दाबयंत्रावर दुसऱ्या कामाचे काँक्रीटचे ठोकळे चढले होते. नमुना खिडकीच्या कट्ट्यावर राहिला. सोमवारी अर्जदाराने तो दाबला तेव्हा त्याने असा काही दम धरला की अर्जदार मोठ्याने म्हणाला, “वा! काय पठ्ठी माती आहे!” दोन दिवस उन्हात वाळून ती पठ्ठी झाली होती, हे त्याच्या ध्यानातच आले नाही. खऱ्या ताकदीच्या तिप्पट आकडा अहवालात गेला. त्या आकड्यावर पाया आखला गेला. पायावर शाळा उभी राहिली.

५. ही चूक अर्जदारास कधी कळलीच नसती. परंतु या वर्षी त्याच्या मुलीची बदली त्या शाळेत झाली व तिला खोली क्रमांक सहा मिळाली. ती पहिलीला शिकवते, पट अडतीस. जूनमध्ये तिचा विसरलेला डबा द्यायला अर्जदार गेला असता भिंतीबाहेर हात धुण्याचे बारा नळ दिसले. त्यांचे सांडपाणी फुटक्या गटारातून पायाशीच मुरत होते. शेजारी खणलेल्या खड्ड्यात ती निळसर माती होती, शंखांसकट. वर भिंतीत तिरकी भेग. खिडकीच्या कट्ट्यावर वाळलेला नमुना तेव्हा आठवला. डबा अर्जदाराच्या हातातच राहिला, मुलगी त्या दिवशी उपाशी राहिली.

६. भेगेवर अर्जदाराने एकीमागून एक काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या. भेग हलली तर काच तडकते, ही जुनी परीक्षा आहे. पहिली पट्टी नवव्या दिवशी तडकली, दुसरी पाचव्या, तिसरी दुसऱ्या. खोलीच्या दाराला सुताराने वर्षात तीनदा रंधा मारला आहे. चौथ्यांदा बोलावल्यावर तो म्हणाला, “काका, दार वाढत नाहीये. चौकटच तिरकी होतेय. मी आता काय, भिंतीला रंधा मारू?” छपराच्या तुळईचे टोक पूर्वेच्या भिंतीवर चार बोटे टेकलेले होते. भिंत बाहेर कलत आहे. काल मोजले तेव्हा दोन बोटांहून कमी उरले होते.

७. याबाबत चार अर्ज केले. उत्तर आले की अहवाल क्र. ४१२ नुसार सदर जागेची माती दमदार असल्याने तक्रारीत तथ्य नाही. म्हणजे अर्जदाराची तक्रार अर्जदाराच्याच सहीने फेटाळण्यात आली. आपल्या आवक-जावक टेबलावरील बाईंनी अर्जदारास समजावले, “काका, अहवाल तुमचा, तक्रारही तुमचीच. दोन्हींतलं खोटं कुठलं ते आधी घरी ठरवून या ना!” अर्जदाराने जागच्या जागी ठरवून सांगितले. त्यावर त्यांनी नियम दाखवला की अहवाल रद्द करण्याचे निवेदन फक्त सही करणाऱ्या कर्मचाऱ्याने, सेवेत असताना, योग्य मार्गाने करायचे असते. निवृत्त माणसाला खरे बोलण्याची नियमात सोय नाही.

८. सबब अर्जदारास एका दिवसाकरिता, हवे तर साडेदहा ते बाराच, पुन्हा सेवेत घ्यावे. तो तेवढ्यात अहवाल रद्द करण्याचे निवेदन देईल. बारा वाजता त्यास हलगर्जीपणाबद्दल निलंबित करावे. चौकशीही खुशाल लावावी. अर्जदार एकाही आरोपाचा इन्कार करणार नाही, त्यामुळे ती जेवणाच्या सुट्टीआधी संपेल.

९. तिसऱ्या अर्जानंतर आपले कनिष्ठ अभियंता पाहणीस आले, हे कबूल केले पाहिजे. मुलगा हुशार आहे. परंतु नळांची बाजू ओली म्हणून बूट भरतील या भीतीने तो उन्हाच्या बाजूने फिरला, एका ढेकळाला लाथ मारली, म्हणाला, “अहो, हा तर दगड आहे!”, आणि तेच वाळलेले ढेकूळ कागदात गुंडाळून तपासणीस घेऊन गेला. महोदय, ती अर्जदाराचीच चूक होती, हात फक्त तरुण होता. अर्जदाराने फाटकापर्यंत त्याच्यामागे धावत ओरडून सांगितले. त्याने नमस्कार केला व गाडी सुरू केली.

१०. अर्जदाराने मुलीला रजा घ्यायला सांगितले. हात जोडून सांगितले, बाप असून. ती म्हणाली, “बाबा, मी रजा टाकली तर बदली बाई येतील. खोली तीच, मुलं तीच. मग तुम्हाला झोप लागेल?” तिने बाके पश्चिमेकडे सरकवून अर्ध्या खोलीत वर्ग बसवला आहे. मुलांना सांगितले आहे की ती भिंत आपल्यावर रुसली आहे, तिकडे कोणी जायचे नाही. त्यातली एक मुलगी रोज लांबूनच भिंतीची समजूत काढते. मुख्याध्यापिकांना सर्व दिसते. त्या म्हणतात, “वरून लेखी आल्याशिवाय मला खोली बंद करता येत नाही हो.” अर्जदारास भीती वाटते. रोज साडेदहाला शाळेची घंटा झाली की तो घड्याळ पाहत बसतो तो पाच वाजेपर्यंत. आपणास लेकरे असतील तर अधिक लिहिण्याची गरज नाही.

११. काल रविवारी तुळई मोजल्यावर अर्जदाराने खोली क्रमांक सहाला स्वतःचे कुलूप लावले. हे बेकायदेशीर आहे, याची त्यास पूर्ण जाणीव आहे. आज सकाळी मुख्याध्यापिकांनी कुलूप पाहिले, अर्जदाराकडे पाहिले, आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हे कुणी लावलंय मला माहीत नाही. आणि तोडायचं तर त्यालाही वरून लेखी लागेल.” साडेदहाला वर्ग पश्चिमेच्या ओसरीत बसणार आहे.

१२. तरी खोली उघडण्याचा आदेश द्यावयाचा असल्यास किल्ली या अर्जासोबत जोडली आहे. ती टपालाने अथवा शिपायाबरोबर पाठवू नये. आपण स्वतः यावे, स्वतःच्या हाताने कुलूप काढावे, पूर्वेच्या तुळईखाली पाच मिनिटे उभे राहावे आणि मग अडतीस मुलांना आत बोलवावे. अर्जदार दाराशी बसलेला असेल. तो आपणास अडवणार नाही.

कळावे, व लवकर कळावे.

आपला नम्र व दोषी,
(सही)
सेवानिवृत्त सहायक, माती प्रयोगशाळा

सोबत :
१) तडकलेल्या काचेच्या पट्ट्या, तीन, तारखांसह.
२) चुकीची कबुली, तीन प्रतींत.
३) ओल्या मातीचा नमुना, मेणबंद. कृपया यंत्र मोकळे असल्याशिवाय फोडू नये.
४) खोली क्रमांक सहाची किल्ली, एक. दुसरी केलेली नाही.