बॅटरीला जपणारे हात

आबा, आज दुपारी आपल्या बॅटरीच्या दुकानात एका माणसानं माझ्यासमोर बायकोच्या मुस्काटात मारली, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. गडमुडशिंगीचं जोडपं. दूध संकलनाच्या काट्याला लावलेली त्यांची सीलबंद बॅटरी वर्षभरातच फुगली होती. कुठं ठेवता, असं मी विचारलं. बाई म्हणाली, "खिडकीपाशी. दुपारचं ऊन येतंय तिथं." त्यासरशी त्यानं हाणली. "सावलीत ठेव म्हणून सांगिटलं न्हवतं व्हय गं तुला?"

तुम्ही हयात असतात तर आधी बॅटरी हातात घेतली असती. उद्यमनगरच्या दुकानात जागा पुरायची नाही, म्हणून गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात, शेगडीपासून लांब, फळीवर मांडायचा. कोरड्या फडक्यानं टोकं पुसायचा, पालथा हात बॅटरीच्या कुशीला लावून तापली का ते बघायचा. "हिला पाणी लागत न्हाय, पण उपाशी ठिवली की आतनं मरतीय. उतरली की लगीच भरायची." तोच पालथा हात आईच्या तोंडावर बसायचा.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. पार उतरलेली एक बॅटरी चार्जिंगला लावून तुम्ही बिद्रीला पाहुण्यांकडे गेला होता. आईनं मिक्सरसाठी प्लग काढला आणि परत लावायचा राहिला. तुम्ही खूप दिवसांनी परतलात, तेव्हा ती बॅटरी चार्जच घेईना. तुम्ही चार्जरची वायर दुहेरी केलीत. आई परातीपुढे बसलेली. पहिला फटका पाठीवर, दुसरा तोंडावर. तिचा ओठ फाटतो, रक्त पिठात गळतं, आणि ती ओरडत नाही, नुसतं डोकं झाकते. मी मोठा पाना उचलून भरलेल्या बॅटरीवर धरते. "आबा, वायर टाका. न्हायतर घर पेटवीन." तुम्ही हसता आणि पुन्हा हात उगारता. मी पाना दोन्ही टोकांवर आडवा टाकते. कडाड आवाज, निळा जाळ, पाना लाल. माझ्या तळव्याचं कातडं त्याला चिकटतं. तुम्ही झेपावून नुसत्या हातानं तो ओढून काढता आणि गुडघ्यांवर बसता. आई तांब्या घेऊन उठते आणि पाणी आधी माझ्या हातावर ओतते.

त्यानंतर तुम्ही तिला मारलं नाहीत. माफीही मागितली नाहीत. फडकं गुंडाळलेल्या हातानं मला दुकानात नेलंत, व्होल्टमीटर माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, "बस हितं. शीक."

तर आज मी काउंटरच्या बाहेर आले, त्या माणसाची कॉलर धरली आणि त्याला शटरवर आदळलं. "ओ बाई, माझी बायको हाय ती!" म्हणाला. मी पुन्हा आदळलं. नाकातून रक्त आलं. शेजारच्या दुकानातली माणसं धावली, तेव्हा सुटला आणि गाडी काढून निघून गेला. बाई मात्र गेली नाही. स्टुलावर बसली, पदरानं गाल दाबला आणि म्हणाली, "सावलीत जागाच न्हाय की ताई. सावलीत त्यांची खाट हाय."

मी नवी बॅटरी काढली. गार, वारा खेळेल अशा जागी ठेवायची. उतरलेली तशीच सोडायची नाही. जुना चार्जर टाकून द्यायचा, तो विजेचा जास्त दाब देऊन तिला फुगवतोय. ती मान डोलवत ऐकत होती. मग म्हणाली, "काटा माझा हाय, म्हशी माझ्या बापानं दिल्यात. खाटच भाईर काढते." तिनं पेठ वडगावहून भावाला बोलावून घेतलं आणि बॅटरी मांडीवर घेऊन त्याच्या गाडीवर बसून गेली. पोचल्याचा फोन आला. दारात अजून भांडण चाललंय, पण भाऊ तिथंच आहे.

हा कागद आईच्या हाती लागायला नको, फाडूनच टाकेन. पण एक सांगते. पहिल्या आदळण्यातच त्याचा जोर गेला होता. दुसऱ्यांदा आदळायची गरज नव्हती. मला बरं वाटत होतं, म्हणून आदळलं. तुम्हालाही तसंच वाटायचं का, हे विचारायचं होतं.