लग्नाच्या ब्लाउजांना ‘नाही’ म्हटलं तो दिवस

जुईनगर, रविवार संध्याकाळ

आज गिऱ्हाइकाला चक्क नाही म्हटलं! माझं शिलाईचं दुकान नवीन, आणि सकाळीच सीवूड्सच्या एक काकू लेकीच्या लग्नाची सगळी ब्लाउजं शिवायला घेऊन आल्या. "परवा हळद आहे, तोवर देशील ना?" हो अगदी ओठांवर आलं होतं. पण घाईत शिवलेलं ऐन मांडवात उसवलं तर? म्हटलं, "सगळी नाही जमणार, काकू. नवरीचं एकच देते, पण नीट देते." त्या पिशवी उचलून निघूनच गेल्या.

दिवसभर मशीनवर तेच डोक्यात. नाही म्हणून मूर्खपणा केला का? नवऱ्याला फोन केला, तर म्हणे टेन्शन नको घेऊ. याला काय जातंय!

आत्ता दुकान बंद करताना नवरीच दारात उभी. "बाकी सगळे टेलर लगेच हो म्हणाले, म्हणून आईलाच भीती वाटली. लग्नाचं तुम्हीच शिवा ताई. बाकीची लग्नानंतर, सावकाश."

माप घेताना तिला गुदगुल्या झाल्या, मग दोघीही हसत सुटलो. जमेल तेवढंच कबूल करायचं, हे आता पक्कं.

घरी येताना स्वतःसाठी मोरपिशी कापड घेतलं. माझं ब्लाउज मीच किती दिवसांत शिवलेलं नाही!