अकरा दिवसांचा खुलासा

रामाकोना,
२ मार्च २०२५

आदरणीय रघुनाथराव सर,

नमस्कार. काकूंचा गुडघा आता बरा असेल. आमच्याकडे बाबा ठीक आहेत, आईचा खोकला चालूच आहे.

महिला दिनाच्या कार्यक्रमाची पत्रिका मिळाली. विषय ‘वकिलीत सर्वांना स्थान’, अध्यक्ष तुम्ही, सत्कार माझा. छपाई सुरेख आहे. बाई, आणि तीही आमच्या समाजाची. एका शालीत तुमचे दोन सत्कार उरकतात.

तुमच्या सौंसरच्या ऑफिसात मी चार वर्षं काय केलं, ते भाषणात सांगाल ना? टायपिंग केलं, तारखा घेतल्या, पक्षकार आले की चहा सांगितला. ऋषिकेश माझ्यामागून दोन वर्षांनी आला आणि तिसऱ्याच महिन्यात जामिनाच्या अर्जावर उभा राहिला. मी विचारलं तर म्हणालात, “पक्षकार बाईवर भरवसा ठेवत नाहीत, बेटा. मी तर ठेवतो.” तेव्हा मला भरून आलं होतं. आता आठवलं की स्वतःचीच किळस येते.

मग तुम्ही तो भरवसा दाखवला. आमच्या गल्लीतली गायत्री भाऊराव ठेकेदाराच्या शेडमध्ये संत्री निवडायला जायची. त्यानं तिथं तिच्या अंगाला हात लावला. भाऊरावाचे वकील तुम्ही. गायत्रीच्या उलटतपासणीच्या दिवशी फाइल माझ्या हातात देत म्हणालात, “आज तू उभी राहा. बाईनं बाईला विचारलेलं बरं दिसते. तुमच्याच समाजाची आहे ती, कोणी बोट दाखवणार नाही.”

मी उभी राहिले. गाऊनला आदल्या दिवशी इस्त्री केली होती, सर. मी खुश होते.

“घटनेनंतर अकरा दिवसांनी रिपोर्ट दिला. अकरा दिवस काय करत होतीस?” मी विचारलं.

गायत्री माझ्याकडे पाहत राहिली. बोलली नाही. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा चढ्या आवाजात. उशिराचा खुलासा नाही, असं निकालात आलं. भाऊराव सुटला. तुम्ही पेढे वाटले, मी एक खाल्ला.

त्या अकरा दिवसांचं मी इतके दिवस कोणाजवळ बोलले नव्हते. तुमच्याजवळ बोलायची गरज नव्हती, तुम्हाला माहीतच होतं. घटनेच्या दुसऱ्या दिवशी गायत्री ठाण्यात न जाता माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, “थांब, सरांना विचारते.” तुम्ही म्हणालात, “घाई नको, पाहू.” ती रोज संध्याकाळी यायची, “सर काय म्हणाले?” मी म्हणायची, “पाहून राहिले.” अकराव्या दिवशी ती एकटीच ठाण्यात गेली. आठवड्यानं भाऊराव तुमच्यासमोर चहा पीत बसला होता. तो चहा मीच सांगितला होता.

मागच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. दारातच विचारलं, “कोर्टात माझं नाव का नाही घेतलं?”

ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “पयल्यांदाच तर उभ्या होत्या तुम्ही, ताई. सारे पाहून राहिले होते. मी बोलली असती तर तुमची वकिली तिथंच संपली असती.”

तुमच्या भरवशाची आणि तिच्या भरवशाची मी तुलना करत नाही. तुमचा त्यात अपमान होईल, आणि तेवढी तुमची लायकी नाही. माझीही नाही.

सत्काराला मी येणार नाही. त्या अकरा दिवसांचा खुलासा शपथेवर लिहून सरकारी वकिलांना दिला आहे. निकालावर अपील झालं आणि बोलावलं, तर साक्ष देईन. वकील परिषदेकडे तक्रार काल रजिस्टर पोस्टानं गेली. सनद जाऊ शकते, ते आईबाबांना सांगितलं आहे. तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे, अशी दोन नावं आहेत. तुमचं दुसरं आहे. ऑफिसात कायम तुमच्या मागे राहिले, इथं मात्र नंबर तुमच्या आधी लावला, माफ करा.

गैरअर्जदार क्रमांक एक,
प्रणाली