दोनदा खाली बसणारी ज्योत

४ नोव्हेंबर
ठरलं! पुढच्या आठवड्यात ज्योत बंद. तेलाबरोबर वर येणारा गॅस इतकी वर्षं आम्ही उंच नळीच्या टोकाशी नुसता जाळत आलो. आता तो कॉम्प्रेसरने दाबून परत जमिनीत घालायचा. खालचा दाब वाढला की अडून बसलेलं तेल वर येईल. इंजिनिअरबाई म्हणाल्या, "काका, किती दिवस नुसता धूर करायचा?" पटलं. चडफडत पटलं.

घरी आलो तर शेजारच्या वहिनी कप घेऊन दारात. "भावजी, चहा जास्त झाला." रोजच होतो! या बाईला अंदाज म्हणून नाहीच.

७ नोव्हेंबर
लग्न नवं होतं तेव्हाची गंमत. पाळी सुटायची दिवेलागणीला. निघण्याआधी मी ज्योतीच्या गॅसचा व्हॉल्व्ह दोनदा जरासा आवळून सोडायचो — ज्योत दोनदा खाली बसायची. ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची, आधण ठेवायची. मी सायकल भिंतीला टेकवतो तोवर चहा तयार! एकदा साहेबांनी पकडलं. "ज्योत का हलते रे?" म्हटलं, "वारा असेल साहेब." झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं!

८ नोव्हेंबर
ही जाऊन वर्ष होत आलं. तरी निघताना दोनदा आवळतोच. हात ऐकत नाही. कुणासाठी, कोण जाणे.

१० नोव्हेंबर
कॉम्प्रेसरची चाचणी. कान बधिर झाले. गॅस खाली जाणार तो आठ नंबरच्या विहिरीतून. आमच्या लग्नाच्या वर्षी खोदलेली, केव्हाच आटलेली. म्हातारी पुन्हा कामाला लागणार म्हणायची!

११ नोव्हेंबर
उद्यापासून ज्योत वातीएवढी उरेल, घरून दिसणारही नाही. आज व्हॉल्व्ह सावकाश आवळला. एकदा. दोनदा. रडू आलं — इथे कशाला लपवू? इंजिनिअरबाई शेजारीच होत्या. पाठ फिरवून वहीत आकडे टिपत राहिल्या. पोरगी गुणाची आहे.

वहिनींचा चहा आजही जास्त झालेला.

१२ नोव्हेंबर
आठ नंबरने मुकाट्याने गॅस घेतला. ज्योत गेली.

घरी आलो, तर दारात वहिनी नाहीत. कुलूप काढतोय तोच धावत आल्या. "थांबा हं भावजी, आधण आत्ता ठेवलंय. आज ज्योत हललेली दिसलीच नाही हो! ताई दवाखान्यात जाताना बजावून गेल्या होत्या — दोनदा खाली बसली, की ठेवायचं."