ओल्या चादरीची गाठ

३ फेब्रुवारी, मंगळवार

आई इस्त्रीच्या टेबलावर पालथ्या पडल्या होत्या. तोंड खाली, हात छातीशी. मला वाटलं, गेल्या.

हातातली टॉवेलची बादली पडली. तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात टेकले, अंग उचललं आणि टेबलावर उभ्या राहिल्या. गुडघे वाकवून, हात पसरून. डोकं दिव्याला आपटलं.

"दार लाव आधी," म्हणाल्या. "मालकीणबाई बघेल."

"आई, काय करताय?"

"सराव."

"कसला?"

"लाटेवर उभं राहायचा."

मी तिथेच बादलीवर बसले. सासू आहे माझी. छप्पन्न वर्षांची. गुडघ्याला रोज तेल लावते.

४ फेब्रुवारी, बुधवार

काल पुढचं लिहिलं नाही. आज सगळं विचारून घेतलं.

आम्ही ज्या लॉजच्या चादरी धुतो तिथे उतरलेल्या लोकांना एक माणूस फळीवर उभं राहून लाटेवरून यायला शिकवतो. माझ्या नवऱ्याच्या वयाचा असेल. आई त्याला मास्तर म्हणतात. त्याचे शर्ट त्या इस्त्री करून देतात. तो म्हणाला, मावशी, मी काय देऊ तुम्हाला? ह्या म्हणाल्या, मला शिकव. त्याला वाटलं चेष्टा. दुसऱ्या दिवशी ह्या जाऊन वाळूवर उभ्या.

"पण का?" मी विचारलं.

"इस्त्रीच्या खिडकीतून सारखा तोच समुद्र बघतेय. तू यायच्या आधीपासून. आता जरा तिकडून खिडकी बघते."

"आणि काही झालं तर?"

"काही झालं तर तू इस्त्री शीक. कॉलर तेवढी तुला जमत नाही," म्हणून हसल्या.

ह्यात हसण्यासारखं काय आहे? मला आई नाही. बाळंतपणात पाणी पाजायला ह्याच होत्या, दूध येईना तेव्हा माझ्याबरोबर रडायला ह्याच होत्या. माझे हे ट्रक घेऊन बाहेर असतात, आठवड्यातून एक दिवस घरी. आईंना काही झालं तर मी आणि भिंगरी, दोघीच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरीवरून बोलणं झालं. भिंगरी म्हणजे माझी लेक. दोन वर्षांची झाली. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी.

मी कामाला लागले की तिला इस्त्रीच्या टेबलाच्या पायाला बांधते. जुन्या चादरीची लांब पट्टी, कमरेला सैल. खिडकीपर्यंत जाता येतं, दारापर्यंत नाही. आम्ही धुलाईवाल्या ओल्या चादरींची गाठोडी ज्या गाठीने बांधतो तीच गाठ. पाणी लागलं की ती आणखी आवळते, मग हाताने सुटत नाही. भिंतीवर आकडा टांगलाय, त्याने सोडवायची.

आई म्हणाल्या, "पोरगी आहे ती, गाठोडं नाही."

मी म्हटलं, "तुम्ही होतात ना त्या दिवशी? बघितलंत ना?"

त्या इस्त्रीकडे वळल्या.

तो दिवस डोळ्यांपुढून जात नाही. मागच्या महिन्यात मी पाण्याच्या अगदी कडेला, पाहुण्यांनी टाकलेले टॉवेल गोळा करत होते. भिंगरी वर वाळूत आईंजवळ. सहज मागे वळून बघते तर पोरगी सरळ पाण्याकडे धावत सुटलेली. हात वर करून, हसत. लाट आली, पोटापर्यंत चढली, पोरगी आडवी. मी टॉवेल फेकून तिचा पाय धरला. पाय हातात आला म्हणून, नाहीतर...

समुद्र ओढतो तिला. काही मुलांना ओढतो. आता घरातली मोठी बाईपण ओढली.

८ फेब्रुवारी, रविवार

हे आले होते. मी सगळं सांगून टाकलं, म्हटलं आता हे ओरडतील.

"आई? आपली आई?" असं तीनदा विचारलं आणि हसत सुटले. ठसका लागला, पाठ चोळावी लागली.

आईंना म्हणाले, "मला लहानपणी डबक्यात पाय घातला म्हणून मारलं होतंस."

"चप्पल नवीन होती तुझी," आई म्हणाल्या.

संपलं. निघाले ट्रक घेऊन. मला वाटलं होतं कोणीतरी माझ्या बाजूने बोलेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

आईंनी रबरी सूट इस्त्री केला.

मास्तरने दिला होता, पाण्यात थंडी वाजू नये म्हणून. आईंना त्याच्या सुरकुत्या बघवेनात. "चुरगळलेलं घालून चारचौघांत कशी जाऊ?" इस्त्री टेकवली आणि वास सुटला. ओढून काढेपर्यंत ढुंगणावर इस्त्रीच्या आकाराचं भोक. टोकासकट!

मास्तर ते धरून नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "मावशी, इतकी वर्षं शिकवतोय, हे पहिल्यांदा."

भोकाला आतून रबर चिकटवलं आणि वरून मी पडद्याचं लाल फुलांचं कापड शिवलं. शिवताना हसू आलं. पण मनात वेगळंच होतं. म्हटलं लांबून ओळखू येतील.

१५ फेब्रुवारी, रविवार

पहिल्यांदा बघितलं.

आमच्या धुलाईच्या मागे कपडे वाळत घालायचं अंगण आहे. त्याच्या एका बाजूला रस्ता, एका बाजूला वाळू आणि समुद्र. दोरीवर चादर टाकायची, चादरीआडून बघायचं, परत चादर टाकायची. लाल फुलं दिसली की श्वास सोडायचा.

पडतात, उठतात. पडतात, उठतात. मास्तर ओरडतो, "मावशी, ढुंगण आत! इस्त्री करताय का वाकून?" फेसाची लाट येते, ह्या हात मारतात, गुडघ्यावर येतात आणि धप्प. एकदा बाहेर आल्या ते नाकातून पाणी, केस तोंडावर, आणि हसतायत. त्यांचे इतके दात मी कधी बघितले नव्हते.

एक पटलं मला. पायाला पट्टा असतो, दोरीने फळीला बांधलेला. फळी पळत नाही, आणि पडलं तर तिला धरून वर येता येतं. बांधलेलं असलं की बरं वाटतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

फळी एकटीच आली.

लाटेबरोबर वाळूपर्यंत आली, मागे दोरी, दोरीला रिकामा पट्टा. लाल फुलं कुठेच नाहीत.

मी कुंपण कसं ओलांडलं माहीत नाही. पाण्यापर्यंत गेले आणि पाय पुढे जाईना. लाज वाटते लिहायला. आई आत आणि मी बाहेर उभी.

मग डोकं दिसलं. मास्तरचं, त्याच्या शेजारी आईंचं. आरामात पोहत येत होत्या, गप्पा मारत.

"पट्टी जुनी झालीय," मास्तर म्हणाला. ती चर्र करून उघडते तसली चिकटणारी पट्टी. "नवीन आणतो, मावशी. तोवर सांभाळून."

तोवर!

२२ फेब्रुवारी, रविवार

नवीन पट्टा अजून नाही. आई जायला निघाल्या. मी दारात आडवी.

"मग बांधून देते मी," म्हटलं.

चादरीची पट्टी फाडली, पट्ट्यावरून घोट्याला तीन वेढे आणि आमची गाठ. ओढून बघितली. आई पाय पुढे करून बसल्या होत्या, शाळेत निघालेल्या मुलीसारख्या.

"बांध बाई. तुझा जीव थाऱ्यावर येऊ दे."

आला. फार दिवसांनी आज चादरी न बघता वाळत घातल्या. फळी त्यांच्यापासून सुटली नाही. आणि गुडघ्यावरून उठून उभ्या पण राहिल्या, जरा वेळ. मला सांगत बसल्या होत्या. मी फक्त घोटा बघत होते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायला बसले आणि उठले. परत बसले.

आजपण मीच बांधून दिली होती. घट्ट.

वारा फिरला आणि पाणी आडवं ओढायला लागलं. आई वाहत जुन्या धक्क्याकडे गेल्या. तो मोडलाय, नुसते खुंट उभे आहेत पाण्यात. फळी खुंटाच्या एका बाजूने गेली, आई दुसऱ्या बाजूने. दोरी खुंटाला अडकली. लाट आली की दोरी ताणायची आणि आई पाण्याखाली. लाट गेली की तोंड वर. परत लाट.

मी अंगणातून बघत होते. मला वाटत होतं, बांधलेल्या आहेत, वाहून जाणार नाहीत. खरंच, देवाशपथ, मला तसंच वाटत होतं.

मास्तर पोहत गेला. खाली बुडी मारली, वर आला, परत बुडी. एवढा वेळ काय करतोय कळेना. मग तो आईंना सोडून फळीकडे गेला. मला वाटलं, संपलं. त्याने फळीच्या टोकाची दोरी सोडवली, दोरी खुंटावरून सरकली आणि आई मोकळ्या झाल्या.

वाळूवर पालथ्या घातल्या. टेबलावर होत्या तशाच. पाणी ओकल्या. मास्तरचे ओठ पांढरे पडले होते. आईंचा घोटा हातात धरून म्हणाला, "ही गाठ कोणी मारली?"

मी धावत येऊन शेजारी उभी होते.

"अहो, हा पट्टा असा उघडतोच मुद्दाम. कुठे अडकलं की हाताने ओढून सोडता यावा म्हणून. मी नखं तुटेस्तोवर ओढलं. कोणी मारली?"

"मीच," आई म्हणाल्या. "अक्कल नाही मला."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

धुलाईत आणून आकड्याने गाठ सोडवली. घोटा काळानिळा. माझ्या हातांनी सुटत नव्हती, आईंनीच शेवटी आकडा धरला. भिंगरी टेबलाजवळून बघत होती. तिच्या कमरेला तीच चादर. तीच गाठ. आणि आकडा भिंतीवर, माझ्या डोक्याच्या उंचीला. इथे रोज इस्त्र्या तापतात, वायरी जुन्या आहेत. कधी पेटलंबिटलं आणि मी अंगणात असले, तर...

२५ फेब्रुवारी, बुधवार

आजपण बांधली. माहीत असून बांधली. हात आपोआप गाठ मारतात.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आई लंगडत कामावर आल्या. दुपारी कपडे मोजून झाल्यावर म्हणाल्या, "मी बंद करते."

रडू फुटेल असं वाटलं, सुटल्याचं.

"तू हिला सोड. मग मी बंद करते."

"आई, ती पाण्याकडे जाईल."

"जाईल तर जाईल. कधीतरी जाणारच आहे. मी का शिकत होते? खिडकीचं तर आहेच. पण हिच्याबरोबर आत जाईल असं घरात कोणी नाही. तू पाण्याला पाठ दाखवतेस, माझा लेक ट्रकमध्ये. म्हटलं, आपण शिकून ठेवू."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं तर माझ्यापण कमरेला बांधली असतीस."

मग दोघी हसलो. घोट्याला औषध लावलं. किती सुजलाय. मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

उद्या सोडायचं कबूल केलंय. आई वाचतील. आणि भिंगरी?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं नाही. पट्टी हातात धरून बसले. आई बघत होत्या. मग त्यांनी सूट घडी घालून कपाटात वर ठेवला. लाल फुलं वर येतील अशी.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सोडली.

दार उघडं ठेवलं, मी अंगणात गेले, समुद्राच्या बाजूच्या दोरीवर चादरी घालायला लागले. आई दारात. भिंगरी बाहेर आली, इकडेतिकडे बघितलं आणि धावत सुटली. सरळ समुद्राकडे. हात वर करून, हसत. अगदी त्या दिवशीसारखी. मी पुढे धावणार होते. आई म्हणाल्या, "थांब. बघ."

पोरगी माझ्या पायाला येऊन चिकटली. हात वर. उचल म्हणून.

मी चादर टाकून रस्त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ती वळली आणि मागे आली. समुद्राकडे पाठ करून, हात वर.

त्या दिवशी पाण्याच्या कडेला मीच होते.

आईंचा सूट कपाटातून काढून दोरीवर टाकला. म्हटलं, आईंना लागेल.