अंगठ्यावरची काळी रेघ

ताईडे, डाव्या हाताने नमस्कार. उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

नखावर काळी उभी रेघ आली होती. दारात चेंगरलं असेल म्हणून मी हिंडत राहिलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मार असता तर डाग नखाबरोबर पुढे सरकला असता. ही मुळापासूनच येतेय.” तुकडा तपासला, कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. नख खालच्या कातडीसकट काढून तिथे दंडाची कातडी लावली. अंगठा वाचला, मीही वाचलो.

बाबांच्या पायाच्या नखावरही हीच रेघ होती ना गं? “बूट चावतोय” म्हणायचे. आपण हौसेने नवे बूट आणले, आणि ते घालायला बाबा उरले नाहीत. आठवून तिथेच रडलो. बाईंना वाटलं, सुईला घाबरलो.

आईची नखं बघ. ते बूट अजून दाराशीच आहेत का?

हातीपायी धड असलेला,
तुझा भटक्या