करड्या कोटाचं माप

३ फेब्रुवारी
आले एकदाची! दाजींनी माझ्या दोन्ही बॅगा तिसऱ्या मजल्यापर्यंत वाहिल्या आणि आत दगड भरलेत का, असं तीनदा विचारलं. संग्रहालयातली नोकरी, ताईचं घर दहा मिनिटांवर, वर भाचीचा लळा. आणखी काय हवं? काम मात्र घाणीतलं आहे. शंभर वर्षांपूर्वी या शहरात स्वतःला ‘शुद्ध रक्ताचे पहारेकरी’ म्हणवणारी एक टोळी होती. तिचे कोट, बिल्ले, झेंडे मला जपायचेत. दाजींचे लोक ‘बाहेरचे’, म्हणून याच दिवट्यांनी त्यांच्या आजोबांचं घर जाळलं. हे जपलं नाही, तर उद्या कुणीतरी म्हणेल की असं काही घडलंच नाही. भाचीला शनिवारी, २२ तारखेला, सगळं दाखवायचं कबूल केलंय.

६ फेब्रुवारी
शूरवीरांचे कोट पाहिले. रक्त शुद्ध, कॉलरवर मळाचा थर! बटणंसुद्धा पितळेची नाहीत, पत्र्याला नुसता मुलामा. एकाच्या खिशात बायकोची चिठ्ठी निघाली: बटण तुटलंय, संध्याकाळी लावून देईन. स्वतःचं बटण लावता येईना आणि निघाले जग स्वच्छ करायला. डाग धुवायचे नाहीत, डाग हाच पुरावा. प्रत्येक कोटाच्या कॉलरला आतून क्रमांकाची पांढरी पट्टी शिवते आहे.

१२ फेब्रुवारी
आज नियम मोडला. चौदा नंबरच्या कोटासाठी पुतळ्याला कापूस भरून खांदे करायचे, म्हणजे दोन दिवसांची कटकट. म्हणून कोट स्वतःच चढवला आणि आरशात माप घेतलं. संग्रहालयाच्या मोठ्या बाईंना कळलं तर माझी धडगत नाही. खांदे चार बोटं मोठे होते. कसलं ध्यान दिसत होतं! एकटीच हसले.

१५ फेब्रुवारी
संग्रहालयातली कामाची खोली गार असते, म्हणून कोट पुन्हा घातला. खांदे नेमके बसले. ताई म्हणते, काल जेवताना मी दाजींना वाटेल ते बोलले. मला आठवत नाही. ते मचमच करत जेवतात, एवढंच.

१८ फेब्रुवारी
दाजी डबा देऊन गेले. कचऱ्यात टाकला. त्या लोकांच्या हातचं कोण खाणार?

अक्षर माझं आहे. पण मी हे लिहिलेलं नाही. दाजींच्या हातचं मी चाटून पुसून खाते.

२० फेब्रुवारी
कपाटात कोटांच्या रांगेत माझा निळा स्वेटर. कॉलरला पांढरी पट्टी, क्रमांक एकेचाळीस. टाके माझे. नोंदवहीत माझंच अक्षर: ‘चौदा नंबरचा कोट वापरणारीचे जुने कपडे. पुन्हा लागणार नाहीत.’
फार भीती वाटते. भाचीला पाठवू नको, म्हणून ताईला फोन केला. ताई म्हणाली, बरं, लवकर पाठवते, तूच म्हणालीस ना आत्ता—

२२ फेब्रुवारी
कोट कपाटात कुलूपबंद करून गेले होते. जाग आली ती इथे, संग्रहालयात, कोट अंगात. बटणं निघत नाहीत. कात्री चालत नाही.
आतून कडी घातली.
जिन्यात भाची. मावशी, मावशी म्हणतेय. पळ, असं ओरडले— बाहेर पडलं ते, ये गं बाळा. गोड आवाजात. शी! आठ वर्षांच्या पोरीसाठी एवढा कावा. हे यांचं शौर्य. थू—
डावा हात कडीवर गेलाय. मी नेला नाही. उजव्याने लिहितेय. लिहितेय तोवर हा तरी माझा—
माझा आहे— माझा—
त्या लोकांची पोर आली आहे. एकटीच आहे. दार उघ